कंपाउंडवरची ती वेल गुळवेलच आहे का? जरा सविस्तरच सांगतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. डोंबिवलीत तुमच्या सोसायटीच्या मागच्या कंपाउंडला एक वेल आपोआप आलीय, कुणी लावलेली नाही, पावसाळ्यात भराभर वाढली, पानं हृदयाच्या आकाराची, अजून फूल नाही की फळ नाही. तुम्ही एका पानाचा फोटो ओळखीतल्या सगळ्या बागवाल्यांना पाठवलात, त्यात कुणी गुळवेल म्हणालं, कुणी करांदा, कुणी पहाडवेल, एकाने तर चक्क मनी प्लांट सांगितलं. सासूबाईंचं मत गुळवेलच, आणि त्यांना रविवारपासून सगळ्या घराला काढा पाजायचाय.

तर पहिलं काम म्हणजे काढ्याचं पातेलं फळीवर परत ठेवा. वेल कुठे पळून जात नाहीये.

दुसरं, तुमच्या मित्रमंडळींवर रागावू नका. तुम्ही त्यांना जो फोटो पाठवलात त्यावरून मीसुद्धा काही सांगू शकत नाही आणि मी कॉलेजच्या बॉटनी डिपार्टमेंटला हर्बेरियमची, म्हणजे वाळवून ठेवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांची, कपाटं सांभाळण्यात नोकरी काढलीय. हृदयाकृती पान ही काही कुठल्या एका वेलीची खासियत नाही हो. गुळवेलीचं पान तसं, करांद्याचं तसं, विड्याच्या पानाचं तसं, मॉर्निंग ग्लोरीच्या कितीतरी जातींचं तसं, बदकवेलीचं तसं, समुद्रशोकाचं तसं, आणि मॉर्निंग ग्लोरी आणि समुद्रशोक एका कुळातले सोडले तर ह्या सगळ्या वेगवेगळ्या कुळातल्या आहेत, एकमेकींशी जवळचं काही नातं नाही. नुसतं पान वरून बघून नाव सांगणारा माणूस एकतर फार मोठा जाणकार असतो किंवा त्याने त्याच्या अंगणात असलेल्या वेलीचं नाव तुम्हाला सांगितलेलं असतं, आणि दुसऱ्या प्रकारचेच जास्त भेटतात.

मग बघायचं काय? पान सोडा, खोडाकडे जा. आणि खोड म्हणजे वरचं कोवळं हिरवं टोक नाही, खाली जमिनीपाशी जिथे वेल सगळ्यात जुनी आहे तिथलं. कोवळ्या फांदीवर गुळवेलीची निम्मी ओळख दिसतच नाही, ती हिरवीगार, गुळगुळीत, कुठल्याही वेलीसारखीच असते. पण पेन्सिलीएवढी जाड झाली की तिच्यावर एक पातळ, करड्या-तपकिरी रंगाची कागदासारखी साल येते. नखाने हलकंसं खरवडा, ती पापुद्र्यासारखी सुटते आणि खाली लगेच हिरवा रंग दिसतो. सालीवर बारीक बारीक उंचवटे असतात, ठिपक्यांसारखे, ती खोडाला हवा मिळायची छिद्रं. हे ठिपके लक्षात ठेवा, कारण पुढे ह्यावरच एक घोळ सांगणारे.

आता एक बोटभर जाडीचा तुकडा धारदार कात्रीने किंवा ब्लेडने एकदम आडवा कापा, ठेचू नका, आणि कापलेली बाजू उजेडाला धरून बघा. मधून बाहेरच्या दिशेने रेषा गेलेल्या दिसतील, अगदी बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. गुळवेलीची ही खूण चांगली ठळक असते, वाळलेल्या तुकड्यातही दिसते, आयुर्वेदिक कच्चा माल घेणारे व्यापारी पोत्यातला तुकडा मोडून हेच बघतात. पण फक्त एवढ्यावर शिक्का मारू नका, कारण ह्याच कुळातल्या बाकीच्या वेलींमध्येही असे आरे कमीजास्त दिसतात. आरे दिसले म्हणजे कुळ बरोबर आहे एवढंच समजायचं.

मग देठ. माझ्या मते गुळवेलीत सगळ्यात मजेशीर आणि सगळ्यात कमी लोकांनी बघितलेली गोष्ट देठच आहे. देठ लांब असतो, आणि त्याची दोन्ही टोकं, म्हणजे पानाला जोडलेलं आणि खोडाला जोडलेलं, दोन्ही किंचित फुगीर असतात. खोडाकडचं टोक नुसतं फुगीर नाही तर तिथे देठ वळलेला असतो, अर्धवट पीळ दिल्यासारखा. बोटांच्या चिमटीत धरून देठ वरपासून खालपर्यंत चाचपा, आधी जाडसर लागेल, मग मधे सरळ बारीक, मग परत जाडसर आणि तिथेच वाकडा. पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, लव अजिबात नाही, पातळ, आणि बुडापासून साधारण सात शिरा पंख्यासारख्या निघालेल्या. पानं खोडावर एकाआड एक येतात, समोरासमोर जोडीने नाही.

आणि मुळं. गुळवेल झाडावर किंवा तारेवर चढली की वरून दोऱ्यासारखी बारीक लांबच लांब हवाई मुळं सरळ खाली सोडते. तुमच्या कंपाउंडला वर जाळी आहे असं लिहिलंयत तर त्या जाळीवरून काही दोरे लोंबतायत का बघा. असतील तर माझा कल गुळवेलीकडे बराच झुकेल. नसतील तर लगेच नाही म्हणू नका, वेल लहान असेल.

फूल-फळ असतं तर हा एवढा खटाटोप लागलाच नसता. पण गुळवेलीला फुलं येतात उन्हाळ्यात, तेव्हा बहुतेक पानं गळलेली असतात, फुलं अगदी बारीक, पिवळट हिरवी, तुरे येतात पण दुरून कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यात नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. त्यामुळे तुमची वेल नर असेल तर जन्मभर वाट बघितलीत तरी तिला फळ लागणार नाही. मादी असेल आणि आसपास कुठे नर असेल तर मटाराएवढी गोल फळं घोसाने लागतात, पिकली की लालभडक. पक्षी ती खातात आणि बिया कुठेही टाकतात, म्हणून तर ही वेल कंपाउंडला, विजेच्या खांबाला, बंद पडलेल्या गाड्यांच्या टपावर अशी आपोआप येते. कधीकधी कुणीतरी छाटून कचऱ्यात टाकलेली कांडीसुद्धा रुजते. ही वेल फार चिवट आहे, तोडून नुसती खिळ्याला टांगून ठेवली तरी कितीतरी दिवस हिरवी राहते आणि डोळे फुटतात.

आता बाकीची जी नावं तुम्हाला मिळाली त्यांचं बघू.

मनी प्लांट सोडून द्या, ते पान जाड, चकचकीत, मेणचट, आणि हातात घेतल्यावर कुणालाही कळतं.

करांदा सांगणाऱ्याचं म्हणणं मात्र मी गंभीरपणे घेईन. पावसाळ्यात आपोआप उगवून भराभर कंपाउंड झाकणारी हृदयाकृती पानांची वेल म्हटली की आपल्याकडे पहिला संशयित तोच. पण करांद्याला साल नाही, त्याचं खोड सगळं हिरवंच, लाकूड होतच नाही. पानाच्या शिरा बुडातून निघून कडेच्या वळणाने टोकापर्यंत जातात आणि त्यांच्यामधे आडव्या बारीक शिरांची जाळी, त्यामुळे पान भरगच्च, रेखीव दिसतं. आणि पावसाळा संपता संपता पानाच्या बगलेत, म्हणजे देठ आणि खोड ह्यांच्या बेचक्यात, छोटे तपकिरी खडबडीत कंद धरतात, हवेतच. ते दिसले की विषय संपला. दिवाळीनंतर ही वेल पिवळी पडून वाळून जाते, जमिनीतला कंद फक्त जिवंत. म्हणजे तुम्ही नुसतं डिसेंबरपर्यंत थांबलात तरी उत्तर मिळेल, वेल गायब झाली तर करांदा. करांदे कोकणात उकडून खातात पण त्याच्या कडू जाती असतात आणि त्या कच्च्या किंवा नीट प्रक्रिया न करता खाल्ल्या तर त्रास होतो, तेव्हा तेही नवशिक्याने खायचं काम नाही.

पहाडवेल, पाडावळ, पाठा अशी नावं आपल्याकडे दोन-तीन वेगवेगळ्या वेलींना लावतात, गावागणिक फरक पडतो, त्यात शिरत नाही. त्या गुळवेलीच्याच कुळातल्या. ओळखायला सोपी खूण म्हणजे देठ पानाच्या कडेला जोडलेला नसतो, थोडा आत, पानाच्या पोटाला जोडलेला असतो. पान उलटं करून बघितलंत की एका सेकंदात कळतं, पण वरून काढलेल्या फोटोत हे कधीच दिसणार नाही! वासनवेल पण त्याच कुळातली, पण तिची पानं लहान, मऊ लव असलेली, हृदयाकृतीपेक्षा लांबट. तिच्या पानांचा रस पाण्यात चुरून ठेवला की पाणी जेलीसारखं घट्ट होतं, गावाकडे पोरं हा खेळ करतात.

आता खरा घोळ. गुळवेलीच्याच वंशातल्या दोन बहिणी आहेत. आपली औषधी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. दुसरी टिनोस्पोरा सायनेन्सिस, ती आपल्या जंगलातही सापडते, तिच्या पानांवर, विशेषतः खालच्या बाजूला, लव असते, म्हणून वर म्हटलं की पान दोन्ही बाजूंनी चाचपा. आणि तिसरी टिनोस्पोरा क्रिस्पा, ही मूळची आग्नेय आशिया आणि ईशान्य भारताकडची, पण हल्ली हौसेने आणि गैरसमजाने इकडेही लावलेली दिसते. तिच्या खोडावर मघाशी सांगितलेले बारीक ठिपके नसून ठळक गाठी असतात, अंगभर पुटकुळ्या आल्यासारखं खोड दिसतं, बोट फिरवलं तर टोचल्यासारखं खडबडीत लागतं. फळ गोल नसून लांबट. गंमत अशी की ती जास्त जोमदार, जास्त कडू, त्यामुळे लोक म्हणतात बघा आमची गुळवेल किती कडक आहे.

हा नुसता पुस्तकी फरक नाहीये. कोरोनाच्या काळात घरोघरी काढे सुरू झाले, त्यानंतर 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. त्यावर आयुष मंत्रालयाने खुलासा केला की वेल नीट ओळखली गेलेली नाही, दुसरीच कुठली जात असू शकते, आणि पुढे 2022 मध्ये कॉर्डिफोलिया आणि क्रिस्पा ह्यांच्यातला फरकही जाहीर केला. दुसरीकडे डॉक्टरांचं म्हणणं असं की खऱ्या गुळवेलीनेही काहींना, विशेषतः ज्यांना आधीच ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो) आहे त्यांना, त्रास होऊ शकतो. ह्या वादात कोण बरोबर हे ठरवणं माझं काम नाही, मी झाडं ओळखणारा माणूस. पण दोन्ही बाजू एका गोष्टीवर आल्या की वेल नक्की कुठली हे आधी कळलं पाहिजे. आणि सासूबाईंना थायरॉइडची गोळी चालू आहे असं तुम्ही लिहिलंयत, तर वेल कुठलीही निघो, आधी डॉक्टरांना विचारा आणि तो विचार रविवारच्या आधी करा.

बदकवेल मुद्दाम शेवटी ठेवली कारण तिची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. हिची फुलं उमलायच्या आधी बदकासारखी दिसतात म्हणून लोक हौसेने कमानीवर लावतात, जांभळट ठिपक्यांचं मोठं विचित्र फूल. फूल असताना कुणी चुकणार नाही. पण फूल नसताना पान गोलसर हृदयाकृती, गुळगुळीत, जुनं खोड खरबरीत, आणि वेल पक्षी न आणताही शेजारच्या बंगल्यातून बियांनी उडत येऊ शकते. ह्या वंशातल्या वेलींमध्ये ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं, त्याने मूत्रपिंड निकामी होतं आणि कॅन्सरचाही धोका असतो, ह्यात काही वाद नाही, कित्येक देशांनी त्यावर बंदी घातलेली आहे. आपली ईश्वरी, जिला सापसण म्हणतात, तीही ह्याच वंशातली. फुलपाखरांसाठी बाग करणारे ती मुद्दाम लावतात कारण कॉमन रोजसारख्या फुलपाखरांच्या अळ्या हीच पानं खातात, ते उत्तमच, पण ती अळ्यांसाठी आहे.

आमच्या ओळखीतल्या बागवाल्यांमध्ये असाच एक प्रकार झाला होता. एका बाईंनी वेलीचा फोटो पाठवला, त्यावर धडाधड गुळवेल, गुळवेल, हो गुळवेलच असे निरोप आले, एकीने काढ्याची कृतीसुद्धा लिहून पाठवली. एक रिटायर्ड शाळामास्तर आहेत, फार बोलत नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "देठ खोडाला मिळतो तिथला फोटो द्याल का?" बाईंनी दिला. तिथे देठाच्या बुडाशी खोडाला वेढून बसलेलं एक नखाएवढं गोल पान होतं, पानासारखं दिसणारं पण खऱ्या पानापेक्षा कितीतरी लहान. मास्तर म्हणाले, गुळवेलीला असं काही नसतं, पान चुरगळून वास घ्या. बाई म्हणाल्या, घाण वास येतोय, उग्र. बदकवेल निघाली. त्या आधीच्या सगळ्या हो-हो करणाऱ्यांपैकी एकालाही कुणी विचारलं नव्हतं की कशावरून.

म्हणून माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे की मदत जरूर घ्या, पण नावं मोजू नका, कारणं मोजा. दहा जण गुळवेल म्हणाले आणि एकजण म्हणाला की देठाच्या बुडाशी पीळ दिसत नाही म्हणून मला शंका आहे, तर त्या एकाचं ऐका. कशावरून हा शब्द विचारायला लाजू नका. खरा माहीतगार त्या प्रश्नाने खूश होतो, त्याला तेच तर बोलायचं असतं. जो चिडतो त्याला बहुतेक कारण माहीत नसतं.

आणि मदत मागताना सामान पूर्ण द्या. तुम्ही पाठवलेला फोटो, माफ करा, भर दुपारी उन्हात काढलेला, पान पांढरंफट्ट दिसतंय, मागे कपडे वाळत घातलेत आणि मोबाईलचा फोकस कपड्यांवर आहे. सकाळी सावलीत काढा. आधी लांबून सगळी वेल कशावर चढलीय ते दिसेल असा एक, मग पान वरून, तेच पान उलटं करून, देठ खोडाला मिळतो ते पेर अगदी जवळून, खाली जमिनीपाशी जुनं खोड, नखाने खरवडलेली जागा, आणि कापलेला आडवा छेद. हे जवळचे फोटो काढताना पानामागे तळहात किंवा कोरा कागद धरा म्हणजे कॅमेरा भलतीकडे जात नाही. शेजारी दहाचं नाणं ठेवा, ते 27 मिलिमीटरचं असतं, त्यावरून बघणाऱ्याला माप कळतं, नाहीतर तुमचं पान बशीएवढं आहे की टिकलीएवढं हे फोटोत समजत नाही. सोबत लिहा कुठे आहे, ऊन किती, चीक येतो का आणि आला तर पांढरा की पाण्यासारखा, वास कसा. चीक बघताना हातमोजा घाला आणि डोळ्याला हात लावू नका. आणि चव घेऊन बघू का असं तुम्ही विचारलंयत, तर नाही! गुळवेल कडू असते हे खरं, पण कडू तर विषारीही असतात. जुनी माणसं जिभेला लावून सांगायची म्हणतात, पण त्या माणसांनी ती वेल लहानपणापासून सगळ्या ऋतूंत बघितलेली असायची, चव ही त्यांची शेवटची खातरजमा होती, सुरुवात नाही.

मोबाईलवरची ॲप वापरा की, मी पण वापरतो. गुगल लेन्स, प्लँटनेट, आयनॅचरलिस्ट, सगळी चालतात, फक्त ती काय करतात ते समजून घ्या. ती तुमचा फोटो दुसऱ्या फोटोंशी जुळवतात. फुलाचा चांगला फोटो दिलात तर फार छान उत्तर देतात, हिरव्या हृदयाकृती पानाचा दिलात तर ती पण तुमच्या मित्रांसारखी चार नावं सांगणार, फक्त पुढे टक्केवारी लावून, आणि टक्केवारी लावली की आपल्याला ते जास्त खरं वाटतं. मी त्यातून संशयितांची नावं घेतो, आणि मग एकेकाची खूण वेलीवर जाऊन तपासतो. आयनॅचरलिस्टचा एक फायदा म्हणजे तिथे खरी माणसं येऊन नाव दुरुस्त करतात, पण तिथेही पेराचा आणि खोडाचा फोटो घातलात तरच.

तुमच्या भागात अजून एक फार चांगला मार्ग आहे जो शहरातले लोक विसरतात. पावसाळ्यात बाजारात कर्जत, शहापूर, पालघरकडून रानभाज्या घेऊन आदिवासी बाया येतात. त्यांच्याकडे फोटो घेऊन जाऊ नका, एक हातभर ताजी फांदी घेऊन जा, जुन्या खोडाचा तुकडा सोबत. त्या हातात घेतील, पान उलटं करतील, खोड मोडतील, आणि आपण तासभर फोटो काढून जे करतो ते तिथल्या तिथे सांगतील. त्यांना पण विचारा कशावरून, त्या दाखवतात. आधी दोन जुड्या भाजी विकत घ्या म्हणजे धंद्याच्या वेळी फुकट डोकं खाल्ल्यासारखं होणार नाही. नर्सरीवाल्याकडे मात्र मी सहसा विचारत नाही. काही नर्सरीवाले खरंच हाडाचे जाणकार असतात, पण बऱ्याच ठिकाणी कुंडीवर जी पट्टी आली तेच नाव.

अगदी पक्कं करायचंच असेल तर नमुना बनवा. हे माझं आवडतं काम आहे त्यामुळे थोडं लांबवतो. साधारण फूटभर फांदी घ्या, त्यावर दोन-तीन पानं, एक तरी पूर्ण पेर हवं, आणि एक पान मुद्दाम उलटं ठेवा म्हणजे पाठ दिसेल. वर्तमानपत्राच्या घडीत पसरून ठेवा, पानं एकमेकांवर येणार नाहीत असं बघा, वर अजून कागद आणि त्यावर जाड पुस्तकं किंवा पाट. आपल्याकडे दमट हवा, त्यामुळे पहिले काही दिवस रोज कागद बदला, नाहीतर बुरशी धरते आणि पानं काळी पडतात. जुनं खोड दाबलं जात नाही, त्याचा छोटा तुकडा वेगळा वाळवून लिफाफ्यात घाला. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, वेल किती उंच गेली होती, फुलाचा रंग असेल तर तो, कारण वाळल्यावर रंग जातो. एवढं घेऊन मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे. आधी फोन किंवा मेल करून विचारा, कुठे फी असते, कुठे वेळ घ्यावी लागते. एका कंपाउंडवरच्या वेलीसाठी एवढं करायचं का, तर शोभेसाठी असेल तर मुळीच नको. पोटात घालायची असेल तर मला हे जास्त वाटत नाही.

पोटात घालण्याबद्दल अजून एक, कारण काढ्याच्या मागोमाग रानकंदांचे प्रश्न पण येतातच. कळलावी माहीत असेल, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल, पानाचं टोकच वेलीच्या आधारासाठी वळलेलं. फूल असताना शेंबडं पोर ओळखेल. पण फूल गेलं, पाला वाळला, जमिनीत उरला फक्त कंद, आणि कुणीतरी खाण्याचा कंद समजून तो उकरला तर त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं, माणूस दगावतो. तेव्हा वर पाला नाही, नुसता कंद हातात आहे, अशा वेळी कुणीही कितीही खात्रीने नाव सांगितलं तरी तो कंद घरात आणू नका.

आणि समजा सगळ्या खुणा जुळल्या, साल पापुद्र्याची, छेदात आरे, देठाला पीळ, लव नाही, गाठी नाहीत, वर दोरे लोंबतायत, निघाली गुळवेलच. तरी ह्या कंपाउंडवरची वापरू नका. मागच्या कंपाउंडच्या बुडाशी काय काय असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, गटाराचं पाणी, उंदरांचं औषध, पेस्ट कंट्रोलवाल्यांचा फवारा, रंगकामाचं सांडलेलं. तिच्यावरून ओळख शिकून घ्या आणि छाट घेऊन घरी लावा.

छाट घेणं सोपं आहे. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, दोन-तीन डोळे असलेली कांडी, वरचं टोक कुठलं ते खूण करून ठेवा कारण उलटी लावली तर उगाच वेळ जातो. एक दिवस सावलीत ठेवून कापलेली बाजू सुकू द्या, मग निम्मी मातीत खोचा, माती पाणी निचरणारी हवी, निम्मी वाळू घातली तरी चालेल. चढायला तार किंवा काठी. कुंडीवर आजच "अनोळखी वेल, कंपाउंडवरची" अशी पट्टी लावा आणि नक्की होईपर्यंत ती बदलू नका, कारण घरातल्या कुणीतरी गुळवेल लिहिलेलं वाचलं की पुढचा माणूस ते खरंच धरून चालतो. आणि हे येत्या आठवड्यातच करा, सोसायटीवाले दिवाळीच्या आधी कंपाउंड साफ करायला माणसं लावतात आणि ती माणसं बुडापासून उपटतात, मग देठ बघायला पण काही उरत नाही. पेराचा आणि खरवडलेल्या खोडाचा फोटो आला की मी परत लिहितो.